यामाहा बॅन्शीचं ड्रॅग गिअरिंग: पुढे १३-१४-१५, मागे ४०-४१, आणि ३८ का नको

तीनशे फुटांच्या ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी, बॅन्शी (यामाहाची चार चाकांची एटीव्ही) तयार करायची असेल, तर गिअरिंगची खरेदी एवढीच करा: पुढची तीन स्प्रॉकेट्स (१३, १४ आणि १५ दात्यांची), मागची दोन (४० आणि ४१ दात्यांची) आणि ५२० ची बिनसीलची रेसिंग चेन. काही बॅन्शीवाले मागे ४१ सोबत ३८ घेतात. ३८ हलकं असतं, मोटोक्रॉसवाले ते सर्रास वापरतात, त्यामुळे दुकानदारही तेच पुढे करतो. ड्रॅगसाठी मात्र ही जोडी पैसे वाया घालवणारी आहे, आणि त्याचं कारण निव्वळ गणिताचं आहे.

आधी गाडीबद्दल थोडं. अमेरिकेच्या बाजारात बॅन्शी १९८७ ते २००६ या काळात नवी मिळत होती. दोन सिलिंडरचं ३४७ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, पाण्याने थंड होणारं, सहा गिअर. बोअर ६४ मिमी, स्ट्रोक ५४ मिमी. आपल्याकडच्या राजदूत ३५० चे आकडे ज्यांना पाठ आहेत त्यांना हे ओळखीचे वाटतील, कारण तेही यामाहाच्या त्याच आरडी घराण्यातलं, फक्त हवेने थंड होणारं. राजदूत चालवलेल्याला टू-स्ट्रोकचा स्वभाव वेगळा सांगावा लागत नाही: खाली मरगळ, मग एकदम उसळी, आणि उसळी संपली की पुन्हा काही नाही. ड्रॅगसाठी पोर्टिंग केलेल्या (सिलिंडरमधल्या वाटा घासून बदललेल्या) आणि वरच्या आरपीएमचे एक्झॉस्ट पाइप लावलेल्या बॅन्शीत ही उसळी आणखी अरुंद होते. गिअरिंगचं सगळं काम इंजिनाला सुरुवातीपासून फिनिशपर्यंत त्या अरुंद पट्ट्यात ठेवण्याचं आहे. चार-स्ट्रोकच्या मोठ्या सिंगलमध्ये, म्हणजे रॅप्टर ७०० सारख्या गाडीत, गिअर थोडा चुकला तरी टॉर्क सांभाळून घेतो. बॅन्शी सांभाळून घेत नाही.

कंपनीचं गिअरिंग १४/४१ आहे, म्हणजे पुढे १४ आणि मागे ४१ दाते. ४१ भागिले १४ म्हणजे २.९२९. हा आकडा वाढला की पिकअप वाढतो आणि टॉप कमी होतो; याला गिअर आखूड होणं म्हणतात. आकडा कमी झाला की उलटं, गिअर लांब होतो. पुढचा एक दाता काढून १३ केलं की ७.७ टक्के फरक पडतो. एक वाढवून १५ केलं की ६.७ टक्के. मागचा एक दाता म्हणजे फक्त २.४ टक्के. थोडक्यात, पुढचा एक दाता मागच्या जवळजवळ तीन दात्यांच्या बरोबरीचा आहे.

मेख इथेच आहे. ४१ आणि ३८ मध्ये तीन दात्यांचाच फरक आहे, म्हणून ही जोडी पुढच्या तिन्ही स्प्रॉकेट्सबरोबर फिरवली की उत्तरं पुन्हा पुन्हा तीच येतात. १३/३८ म्हणजे २.९२३, आणि १४/४१ म्हणजे २.९२९. फरक शून्यात जमा. १४/३८ म्हणजे २.७१४, १५/४१ म्हणजे २.७३३. फरक एक टक्काही नाही. पाच स्प्रॉकेट्सचे पैसे मोजून सहा जोड्या बनतात, पण हातात वेगळे गिअर चारच लागतात, आणि त्या चारांत सात-आठ टक्क्यांच्या उड्या. टू-स्ट्रोक ड्रॅगला आठ टक्के म्हणजे पट्ट्याच्या आत की बाहेर, एवढा फरक.

आता ३८ च्या जागी ४० ठेवून बघा. १५/४० म्हणजे २.६६७, १५/४१ म्हणजे २.७३३, १४/४० म्हणजे २.८५७, १४/४१ म्हणजे २.९२९, १३/४० म्हणजे ३.०७७ आणि १३/४१ म्हणजे ३.१५४. सहाच्या सहा जोड्या वेगळ्या, आणि दोन शेजारच्या जोड्यांत अडीच ते पाच टक्क्यांचं अंतर. मागच्या दोन स्प्रॉकेट्समध्ये एका किंवा फार तर दोन दात्यांचा फरक ठेवला की पुढच्या दात्याची मोठी उडी मधोमध तुटते. ४० मिळत नसेल तर ४१ सोबत ४२ घ्या. शिडी तशीच बनते, फक्त पिकअपकडे थोडी सरकलेली. शिवाय या सगळ्या जोड्या एकाच लांबीच्या चेनवर चालतात. एक दाता इकडेतिकडे झाला की एक्सल साधारण ४ मिमी सरकवावा लागतो. १३/४० पासून १५/४१ पर्यंत तीन दात्यांचा फरक आहे, म्हणजे १२ मिमी, आणि तेवढं अंतर चेनच्या ॲडजस्टरमध्ये निघतं.

कोणती जोडी लावायची हे ठरवायला आधी टायर मोजा. ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि नंतर दोष स्प्रॉकेटला देतात. टायरवर २० इंच लिहिलं असेल तर हिशेबाने त्याचा घेर १.५९६ मीटर येतो. प्रत्यक्षात रेसचा दाब भरून, चालकाला सीटवर बसवून, टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा, गाडी बरोबर एक फेरा पुढे ढकला आणि फितीने अंतर मोजा. समजा १.५२ मीटर आलं. हा जवळजवळ पाच टक्क्यांचा फरक आहे, म्हणजे मागचे दोन दाते. गाडी आधीच ४३ दात्यांसारखी वागतेय आणि तुम्ही कागदावर ४१ धरून बसला आहात. टायर बदलले की हे माप पुन्हा घ्यायचं. वीसवरून बावीस इंचांवर गेलात तर गिअर दहा टक्के लांबतो, आणि जुनाच पिकअप हवा असेल तर ४१ च्या जागी ४५ लावावं लागतं.

मग फिनिश लाइनचा आरपीएम. टॅकोमीटर सर्वोच्च आकडा लक्षात ठेवणारा असावा, किंवा डेटा लॉगर असावा, कारण त्या क्षणी काट्याकडे बघायला कोणाला फुरसत नसते. समजा तुमच्या इंजिनाची ताकद ९,००० ला सर्वात जास्त आहे आणि तुम्ही रेष पाचव्या गिअरमध्ये ८,२०० ला ओलांडता. ९,००० भागिले ८,२०० म्हणजे १.०९८. चालू गिअर २.९२९ ला याने गुणा, ३.२१५ येतं. हातातल्या जोड्यांपैकी १३/४१ सर्वात जवळची. ती लावा आणि पुन्हा धावा. फिनिशला आरपीएम ताकदीच्या टोकाच्या किंचित वर, तीन-चारशेने पलीकडे असला तर उत्तम. बरोबर टोकावर रेष गाठणारी गाडी शेवटचा बराच भाग टोकाच्या खाली चाललेली असते.

पण फक्त रेषेवरचा आरपीएम बघून समाधान मानू नका. शेवटचा गिअर कुठे पडतो ते त्याहून महत्त्वाचं आहे. रेषेच्या आधी वीस-तीस फुटांवर गिअर टाकावा लागत असेल, तर तो गिअर वेळ खातो आणि परत काही देत नाही. अशा वेळी दोन वाटा असतात: गिअरिंग अडीच टक्के लांब करून आधीच्याच गिअरमध्ये रेष ओलांडायची, किंवा पाच टक्के आखूड करून तो गिअर आणखी आधी पाडायचा. जवळजवळच्या पायऱ्यांची शिडी हवी ती याचसाठी. ३८-४१ च्या जोडीत अडीच टक्क्यांची पायरीच नाही.

सुटताना कोणत्या गिअरमध्ये सुटायचं हाही गिअरिंगचाच प्रश्न आहे. १३/४१ वर पहिला गिअर इतका आखूड होतो की क्लच सोडेपर्यंत तो संपलेला असतो, आणि पुढची चाकं हवेत असताना दुसरा टाकावा लागतो. म्हणून आखूड गिअरिंगवर अनेक जण दुसऱ्या गिअरमध्येच सुटतात. पहिला गिअर रिकामा ठेवून एक शिफ्ट वाचवणं चांगली चाल आहे, पण त्यासाठी क्लच भरवशाचा लागतो. साध्या स्प्रिंगांचा क्लच दुसऱ्या गिअरच्या सुटीला घसरतो, प्लेटा निळ्या पडतात आणि घड्याळात वेळ वाढतो. लॉकअप क्लचमध्ये आरपीएम वाढताना वजनदार भुजा प्रेशर प्लेटवर जास्त दाब देतात, त्यामुळे तिथे हे गिअरिंग चालतं. लॉकअप नसेल तर पहिल्यातच सुटा आणि १४/४१ किंवा १४/४० वर थांबा. क्लच आणि गिअरिंग वेगवेगळं विकत घेता येतं, ठरवावं मात्र एकत्रच लागतं.

वाळूत हिशेब बदलतो. कॅलिफोर्नियातला ग्लॅमिस असो की मिशिगनमधलं सिल्व्हर लेक, पॅडल टायर (वल्ह्यासारख्या आडव्या पट्ट्यांचा) वाळू उपसत पुढे जातो, म्हणजे चाक जितकं फिरतं तितकी गाडी पुढे सरकत नाही. फिनिशला ९,३०० आरपीएम दिसला म्हणून गिअर बरोबर लागला असं होत नाही; त्यातला बराच भाग घसरणीचा असतो. जीपीएसवरचा प्रत्यक्ष वेग आणि आरपीएम, घेर, गिअरबॉक्स यांवरून काढलेला वेग यांतला फरक काढा. वेगाचं सूत्र सोपं आहे: आरपीएम गुणिले घेर (मीटर) गुणिले ०.०६, भागिले प्रायमरी (क्रँक ते क्लच) गुणोत्तर, त्या गिअरचं गुणोत्तर आणि स्प्रॉकेटचं गुणोत्तर यांचा गुणाकार. उत्तर ताशी किलोमीटरमध्ये येतं. प्रायमरी आणि गिअरबॉक्सचे आकडे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात. मोटरमध्ये दुसरा गिअरसेट बसवला असेल तर त्याचेच आकडे घ्या. घसरण खूप असेल तर आखूड गिअर लावून काही मिळत नाही, उलट चाक आणखी खणत बसतं. तिथे एक पायरी लांब गिअर लावला तर पुष्कळदा वेळ सुधारतो, आरपीएम कमी दिसला तरी. वाळूत शेवटचा निकाल घड्याळाचा. पहिल्या साठ फुटांचा वेळ आणि पूर्ण वेळ दोन्ही लिहून ठेवा: साठ फूट बिघडून पूर्ण वेळ सुधारला तर गिअर योग्य दिशेने गेला आहे आणि काम आता क्लच व टायरवर करायचं आहे.

चढावर ड्रॅग मारणाऱ्यांनी वर दिलेल्या, सपाट जमिनीच्या आकड्यांवरून काहीही ठरवू नये. चढावर तीच गाडी दोन-तीन पायऱ्या आखूड मागते.

आता माल. पुढचं स्प्रॉकेट स्टीलचंच घ्या, यात वाद नको. जेटी या कंपनीची पुढची स्प्रॉकेट्स क्रोम-मॉलिब्डेनम स्टीलची असतात, स्वस्त असतात, आणि तीन घ्यायची असतात तेव्हा स्वस्ताईला अर्थ आहे. रेंथल या दुसऱ्या कंपनीच्या पुढच्या स्प्रॉकेटला दात्यांलगत खाचा असतात, त्यातून चिखल आणि वाळू बाहेर पडते. मातीच्या ट्रॅकवर त्याचा उपयोग होतो, कोरड्या वाळूत फारसा नाही. दोन्हींत मी जेटी निवडेन, कारण पुढचं स्प्रॉकेट संपणारी वस्तू आहे आणि दाते वाकडे दिसायच्या आत ते बदलायचंच असतं.

मागच्या स्प्रॉकेटचा विचार वेगळा. ॲल्युमिनियमचं, विशेषतः ७०७५-टी६ मिश्रधातूचं, स्टीलपेक्षा बरंच हलकं असतं, आणि फिरणारं वजन कमी झालेलं छोट्या अंतरात जाणवतं. रेंथलची मागची स्प्रॉकेट्स याच मिश्रधातूची आहेत. फक्त ड्रॅगसाठी ठेवलेल्या गाडीला ॲल्युमिनियमच घ्या. तीच गाडी शनिवार-रविवार वाळूत दिवसभर फिरवायची असेल तर जेटीचं सी-४९ कार्बन स्टीलचं घ्या. वाळू ॲल्युमिनियमचे दाते झरझर खाते, आणि झिजलेलं ४१ नवी चेनसुद्धा सोबत संपवतं. दोन्ही कामं एकाच गाडीवर असतील तर ४१ स्टीलचं आणि ४० ॲल्युमिनियमचं, अशी विभागणी चांगली जमते.

१३ दात्यांबद्दल एक इशारा. त्याचा पिच व्यास ६६.३ मिमी, १४ चा ७१.३ मिमी. व्यास कमी म्हणजे तेवढ्याच टॉर्कला चेनवर जवळजवळ आठ टक्के जास्त ताण, शिवाय प्रत्येक कडी जास्त कोनात वाकते. १२ तर लावूच नका: चेनच्या वेगात होणारा चढउतार १२ वर साधारण ३.४ टक्के असतो, १४ वर २.५. गाडी थरथरते, स्विंगआर्मवरचा रबरी स्लायडर लवकर कापला जातो. विषम दात्यांचा एक फायदाही आहे. चेनमध्ये कड्या नेहमी सम संख्येत असतात, त्यामुळे १४ वर आतल्या कड्या कायम त्याच दात्यांवर बसतात; १३ आणि १५ वर झीज सर्व दात्यांत वाटली जाते. १४ चे दाते एकाआड एक झिजलेले दिसले तर माल खराब निघाला असं समजू नका, हे तसंच होतं.

चेन ५२० ची, म्हणजे १५.८७५ मिमी पिचची (पिच म्हणजे एका पिनपासून पुढच्या पिनपर्यंतचं अंतर). सीलबंद चेन टिकते, पण तिच्या रबरी रिंगा घर्षण वाढवतात. डीआयडी कंपनीची ५२० ईआरटी३ बिनसीलची आहे, हलकी फिरते, आणि ड्रॅगला तीच योग्य. तिची किंमत मात्र देखभालीत मोजावी लागते: प्रत्येक दिवसानंतर केरोसीनने वाळू धुऊन, पुसून, तेल. तेल धावण्याच्या आदल्या रात्री लावा म्हणजे ते आत मुरतं; ट्रॅकवर लावलेलं तेल वाळू धरतं आणि तीच सरस-कागदाचं काम करते. झीज मोजायला चेन ताणून २० पिच मोजा: नवीन चेनवर ३१७.५ मिमी भरतात. ड्रॅगच्या गाडीवर ३२१ च्या आसपास पोहोचली की काढून टाका. साध्या वापरासाठी तिच्यात जीव असेल, सुटीच्या झटक्यासाठी नाही.

ट्रॅकवर पुढचंच स्प्रॉकेट बदलायचं. कव्हर काढा, लॉक वॉशरचा वाकवलेला कान सरळ करा, मागचा ब्रेक दाबून धरायला एक माणूस बसवा आणि नट सोडा. चेन सैल केल्याशिवाय स्प्रॉकेट शाफ्टवरून सुटत नाही, म्हणून आधी एक्सलचं कॅरिअर पुढे घ्या. वॉशर दर वेळी नवा वापरा. दोनदा वाकवलेला कान तुटतो आणि नट ढिला झाला की स्प्रॉकेट शाफ्टचे स्प्लाइन खातं. शाफ्ट बदलायचा म्हणजे इंजिन उघडणं आलं. १५ बसवताना चेन आणि केसमधली फट हाताने फिरवून सगळीकडे तपासा. मागचं स्प्रॉकेट काढायला डाव्या बाजूचं चाक आणि हब उतरवावं लागतं, म्हणून ते काम घरी करायचं, आणि कोणतं लावायचं हे मागच्या वेळच्या नोंदींवरून आदल्या दिवशी ठरवायचं. मागचे बोल्ट थ्रेडलॉक लावून, समोरासमोरचे आळीपाळीने, टॉर्क रेंचने.

चेनची ढील सर्वात ताठ जागी बघायची असते. पुढचा शाफ्ट, स्विंगआर्मचा पिव्हट आणि एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वात ताणलेली असते. सस्पेन्शन तिथपर्यंत दाबा, आणि तिथेही थोडी ढील उरलीच पाहिजे. स्टँडवर छान दिसणारी ढील सुटीच्या वेळी मागचा भाग बसला की संपते. मग ताण शाफ्टच्या बेअरिंगवर जातो किंवा चेन तुटते. तुटलेली चेन पुढच्या स्प्रॉकेटभोवती गोळा होऊन क्रँककेस फोडते. बॅन्शीच्या बाबतीत ही जुनी, माहीत असलेली दुखणी आहे, त्यामुळे जाड केस सेव्हर (क्रँककेस वाचवणारा संरक्षक तुकडा) या खरेदीतच धरा. क्लिपची मास्टर लिंक वापरत असाल तर क्लिपचं बंद टोक चेनच्या धावण्याच्या दिशेला ठेवा. त्याहून बरी रिव्हेटची.

गिअर लांब केला तर जेटिंगकडे, म्हणजे कार्ब्युरेटरच्या जेटच्या मापाकडे, पुन्हा बघा. लांब गिअरमध्ये इंजिन प्रत्येक गिअरला जास्त वेळ पूर्ण भाराखाली राहतं, आणि काठावरचं लीन (पेट्रोल कमी असलेलं) मिश्रण जे आखूड गिअरवर निभावून जात होतं ते इथे पिस्टन धरतं. दोन धावांनंतर प्लग काढून रंग वाचा, मगच पुढची पायरी.

लांब स्विंगआर्म असेल तर चेन त्या हिशेबाने मागवा. चार इंच वाढवलेल्या आर्मला १२.८ पिच जास्त लागतात, म्हणजे १२ किंवा १४ कड्या. सहा इंचांना १९.२, दहा इंचांना बरोबर ३२. सहा इंचांच्या आर्मवर १८ की २०, हे ॲडजस्टर कुठे बसतो त्यावर ठरतं: १५/४१ लावलेलं असताना ॲडजस्टर पुढच्या बाजूला, आणि १३/४० वर मागे जाताना त्याला पुरेशी जागा उरेल, अशी लांबी निवडा. चेन दोन कड्या जास्तीची मागवून कापणं सर्वात सुरक्षित.